यंत्रशिवणातील प्रकाशयोजना आणि भिंगांचा वापर

यंत्रशिवणातील प्रकाशयोजना आणि भिंगांचा वापर या विषयात शिवणयंत्रावर काम करताना सुईचे नेढे, दोरा, टीप व कापडाचा पोत स्पष्ट दिसावा यासाठी केलेली दिव्यांची मांडणी आणि वापरलेली दृष्टिसाहाय्यक साधने यांचा समावेश होतो. योग्य प्रकाश, कामाच्या अंतराला जुळणारा चष्मा आणि गरजेपुरते भिंग ही या व्यवस्थेची तीन अंगे होत. त्यांची कार्ये भिन्न आहेत. प्रकाशामुळे वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतील भेद उठून दिसतो, चष्म्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडते, तर भिंगामुळे प्रतिमा मोठी होते. त्यामुळे एका साधनाची उणीव दुसऱ्याने पूर्णपणे भरून निघत नाही. अपुऱ्या प्रकाशात भिंग धरल्यास अंधुक वस्तूच मोठी होऊन दिसते. चाळिशी उलटल्यानंतरही शिवणकाम अचूकपणे चालू ठेवता यावे, या दृष्टीने हा विषय शिंपी, घरगुती शिलाई करणाऱ्या स्त्रिया आणि वस्त्रनिर्मिती कारखान्यांतील कामगार यांच्यासाठी महत्त्वाचा मानला जातो.

== इतिहास ==

शिवणयंत्र येण्यापूर्वी सुईकाम प्रामुख्याने दिवसाउजेडी, दाराशी किंवा खिडकीजवळ बसून केले जाई. युरोपातील लेस विणणाऱ्या स्त्रिया रात्री मेणबत्तीसमोर पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवत असत. हा गोल बहिर्गोल भिंगाप्रमाणे कार्य करून ज्योतीचा प्रकाश कामाच्या छोट्याशा भागावर एकवटत असे. एकाच मेणबत्तीभोवती असे अनेक गोल मांडून अनेक जणी काम करीत. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथातील पहिले निरीक्षण सुईच्या टोकाचेच आहे. नुसत्या डोळ्यांना अणकुचीदार भासणारे टोक भिंगाखाली बोथट व ओबडधोबड दिसते, हे त्याने चित्रासह दाखवून दिले.

अमेरिकेत एलियास होवे याला १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये शिवणयंत्राची एकस्वे मिळाली. यंत्रामुळे शिवण्याचा वेग वाढला, परंतु नजरेवरचा ताण कमी झाला नाही. हातशिलाईत प्रत्येक टाका थांबून पाहता येतो. यंत्रावर मात्र कापड सतत पुढे सरकत असल्याने चूक लक्षात येईपर्यंत अनेक टाके पडून गेलेले असतात. विजेचा प्रसार झाल्यानंतर यंत्राच्या अंगावरच दिवा बसविण्याची पद्धत रूढ झाली. सिंगर कंपनीने १९३३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फेदरवेट २२१’ या सुटसुटीत विद्युत यंत्रावर असा अंगभूत दिवा होता. भारतात दीर्घकाळ वापरात असलेल्या काळ्या रंगाच्या, बिडाच्या पायमशीनवर बहुधा दिवा नसे. त्यामुळे दुकानात यंत्र रस्त्याकडील दाराशी आणि घरात ते खिडकीखाली मांडण्याची रीत पडली. वीज आली तरी ही मांडणी मोठ्या प्रमाणावर टिकून राहिली.

== कामाची सूक्ष्मता ==

शिवणयंत्राच्या सुईच्या क्रमांकावरून तिची जाडी समजते. १४/९० क्रमांकाच्या सुईची जाडी ०.९ मिमी, तर ११/७५ क्रमांकाच्या सुईची जाडी ०.७५ मिमी असते. नेढ्याची रुंदी सुईच्या जाडीच्या साधारण ४० टक्के धरल्यास १४/९० सुईचे नेढे सुमारे ०.३६ मिमी रुंद भरते.

६/६ दृष्टी असलेल्या डोळ्याला एक कोनीय मिनिटाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. शिवणयंत्रावर डोळा व सुई यांतील अंतर सामान्यतः ३५ ते ४५ सेंमी असते. ४० सेंमी अंतरावर एक कोनीय मिनिट म्हणजे सुमारे ०.१२ मिमी होय. म्हणजेच नेढे हे निरोगी डोळ्याच्या मर्यादेच्या केवळ तिप्पट असते. या अंतरावरील दृष्टी ६/१२ च्या तोडीची झाल्यास ही मर्यादा ०.२३ मिमीवर आणि ६/१८ च्या तोडीची झाल्यास ०.३५ मिमीवर येते. दुसऱ्या स्थितीत नेढे आणि दृष्टीची मर्यादा जवळजवळ सारखी होतात. चालता-फिरताना किंवा स्वयंपाक करताना कोणतीही अडचण न जाणवणाऱ्या व्यक्तीलाही सुईत दोरा ओवणे प्रथम कठीण का जाते, याचे कारण या हिशेबात आहे.

वरील आकडे पुरेसा प्रकाश आणि ठळक रंगभेद गृहीत धरून दिलेले आहेत. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप उसवताना रंगभेद नाहीसा होतो. शिवाय काळे कापड त्यावर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश परावर्तित करते. त्यामुळे पांढऱ्या कापडासाठी पुरेसा असणारा दिवा गडद कापडासाठी अपुरा पडतो.

== वय आणि दृष्टी ==

जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील नेत्रभिंग अधिक फुगीर होते. या क्षमतेला समायोजन शक्ती म्हणतात. वयोमानानुसार नेत्रभिंग ताठर होत जाते आणि समायोजन शक्ती घटते. लहान मुलाला ७ ते ८ सेंमी अंतरावरील वस्तू स्पष्ट दिसू शकते, तर साठीच्या सुमारास हे किमान अंतर चष्म्याविना एक मीटरच्या आसपास जाते. या अवस्थेस वृद्धदृष्टिता म्हणतात. ती साधारणतः चाळिशीत जाणवू लागते. मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द वय आणि जवळचा चष्मा अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. वृद्धदृष्टिता हा आजार नसून सर्वांना येणारी स्वाभाविक अवस्था आहे.

याच काळात डोळ्यात आणखी दोन बदल होतात. मंद प्रकाशात बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही, आणि नेत्रभिंग पिवळसर होऊन त्यातून कमी प्रकाश आरपार जातो. परिणामी साठ वर्षांच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलावर, त्याच खोलीत बसलेल्या वीस वर्षांच्या व्यक्तीच्या तुलनेत, सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. त्यामुळे एकाच यंत्रावर सून व सासू आळीपाळीने काम करीत असल्यास सुनेला पुरणारा दिवा सासूला अपुरा वाटणे स्वाभाविक आहे. नेत्रभिंगाच्या पिवळेपणामुळे गडद निळा, काळा व जांभळा या रंगांतील भेद ओळखणेही अवघड होते. दोऱ्याचे रीळ निवडताना ही अडचण विशेषत्वाने जाणवते.

== प्रकाशयोजना ==

=== प्रमाण ===

एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. ईएन १२४६४-१ या युरोपीय मानकात वस्त्रोद्योगातील कामांसाठी पुढील किमान पातळ्या सुचविल्या आहेत.

* शिवण व बारीक विणकाम : ७५० लक्स
* रंगतपासणी व कापडाची तपासणी : १,००० लक्स
* रफू : १,५०० लक्स

भारतात अंतर्गत प्रकाशयोजनेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३६४६ हे मानक आहे. घरातील खोलीत छतालगतच्या एका ट्यूबलाइटखाली सामान्यतः १०० ते ३०० लक्स प्रकाश मिळतो. तो वावरण्यास पुरेसा असला तरी शिवणकामाच्या गरजेपेक्षा बराच कमी असतो.

संपूर्ण खोली ७५० लक्सपर्यंत उजळणे खर्चिक असते आणि आवश्यकही नसते. खोलीतील सर्वसाधारण दिवा तसाच ठेवून सुईजवळ वेगळा दिवा लावणे हा प्रचलित मार्ग आहे. लहान आकाराच्या दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. त्यामुळे ६० सेंमीवरील दिवा ३० सेंमीवर आणल्यास कापडावरील प्रकाश सुमारे चौपट होतो. अधिक वॅटचा दिवा विकत घेण्यापेक्षा असलेला दिवा जवळ आणणे पुष्कळदा अधिक परिणामकारक ठरते. मात्र सुईजवळ झगझगीत उजेड आणि भोवती काळोख अशी स्थिती टाळली जाते, कारण नजर दर वेळी इकडून तिकडे वळताना डोळ्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते.

=== दिशा ===

प्रचलित शिवणयंत्रात उभा खांब शिवणाऱ्याच्या उजव्या हाताला आणि सुई डाव्या बाजूला असते. त्यामुळे उजवीकडून किंवा मागच्या बाजूने येणारा प्रकाश यंत्राच्या आडव्या दांड्याने अडतो, तर पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात शिवणाऱ्याच्याच डोक्याची सावली कापडावर पडते. या कारणास्तव खिडकी अथवा दिवा डाव्या बाजूस, किंचित समोर ठेवणे सोयीचे ठरते. यंत्राची रचना सर्वांसाठी सारखीच असल्याने डावखुऱ्या व्यक्तीलाही यंत्रकामासाठी हीच दिशा अनुकूल असते. हातशिलाईसाठी मात्र ज्या हातात सुई असते त्याच्या विरुद्ध बाजूने प्रकाश घेतला जातो.

कापडाला जवळजवळ समांतर, अगदी तिरप्या कोनातून टाकलेल्या प्रकाशात प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि पोत उठून दिसतो. एकरंगी कापडावर त्याच रंगाची टीप उसवताना किंवा सुटलेला टाका शोधताना असा तिरपा प्रकाश थेट वरून पडणाऱ्या प्रखर प्रकाशापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

दिवसाच्या प्रकाशासाठी उत्तरेकडील खिडकी उत्तम मानली जाते, कारण तिच्यातून थेट ऊन क्वचितच येते. तथापि कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सूर्य उत्तरेकडे झुकतो. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्यही उत्तरेस असतो. या काळात उत्तरेच्या खिडकीलाही पातळ पडदा लावावा लागतो.

=== चकाकी ===

दिव्याचा उघडा गोळा नजरेच्या टप्प्यात असणे, किंवा गुळगुळीत सुईपट्टीवरून परावर्तित झालेला प्रकाश थेट डोळ्यात जाणे, यामुळे चकाकी निर्माण होते. दिव्याला अपारदर्शक छत्री लावणे, तिची कड डोळ्यांच्या पातळीखाली ठेवणे आणि दिव्याचा कोन थोडा बदलून पाहणे हे त्यावरील साधे उपाय आहेत. साटीन, रेशीम, जरीकाम आणि टिकल्या लावलेले कापड शिवताना चकाकीचा त्रास वाढतो. अशा वेळी पांढऱ्या, दुधी काचेतून पसरून येणारा प्रकाश अधिक सुखावह ठरतो.

=== रंग ===

दिव्याच्या प्रकाशाची छटा केल्विन या एककात सांगितली जाते. सुमारे २,७०० केल्विनचा प्रकाश पिवळसर, ४,००० केल्विनचा मध्यम पांढरा आणि ५,००० ते ६,५०० केल्विनचा दिवसाच्या प्रकाशासारखा भासतो. केवळ छटा पांढरी असल्याने रंग खरे दिसतीलच असे नाही. रंग कितपत यथार्थ दिसतात, हे रंगदर्शन निर्देशांकावरून ठरते. त्याचे कमाल मूल्य १०० असते. वर उल्लेखिलेल्या युरोपीय मानकात शिवणकामासाठी किमान ८० आणि रंगतपासणीसाठी किमान ९० निर्देशांक अपेक्षिलेला आहे.

दोन वस्तूंचे रंग एका प्रकाशात एकसारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. कापड आणि दोरा वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगविलेले असल्यास हा अनुभव नेहमी येतो. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस किंवा फॉल घेताना साडी दुकानाच्या पायरीवर, दिवसाच्या प्रकाशात नेऊन पाहण्याची महाराष्ट्रातील सवय या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहे. पैठणीसारख्या वस्त्रात ताणा आणि बाणा यांचे रंग भिन्न असल्यास पाहण्याच्या कोनानुसार रंग पालटतो. त्यामुळे दोऱ्याची निवड करताना कापड हलवून, निरनिराळ्या कोनांतून पाहणे आवश्यक असते.

=== लुकलुक ===

भारतातील विद्युतपुरवठा ५० हर्ट्झ वारंवारतेचा आहे. जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट, तसेच हलक्या प्रतीचे काही एलईडी दिवे, सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. ही लुकलुक सहसा डोळ्यांना जाणवत नाही, परंतु वेगाने हलणाऱ्या सुईवर तिचा परिणाम दिसतो. मिनिटाला ३,००० टाके घालणाऱ्या यंत्राची सुई सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते. अशा वेळी ती संथ झाल्याचा, स्थिर असल्याचा किंवा एकाऐवजी दोन सुया असल्याचा भास होऊ शकतो. कारखान्यातील यंत्रे या वेगाने सहज चालत असल्याने तेथे हा दृष्टिभ्रम अपघातास कारणीभूत ठरू शकतो. घरगुती यंत्रांचा वेग सामान्यतः मिनिटाला १,००० टाक्यांच्या आत असल्याने तेथे हा धोका कमी असला, तरी दीर्घकाळ काम केल्यास लुकलुकीमुळे डोळे थकू शकतात. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा वापरल्यास हा दोष बहुतांशी दूर होतो.

=== यंत्रावरील दिवे ===

जुन्या विद्युत यंत्रांवर सामान्यतः १५ वॅटचा छोटा तापदीप असे. तो लवकर तापतो. बराच वेळ काम केल्यानंतर त्याला हात लागल्यास चटका बसतो आणि शिवणाऱ्याच्या कपाळालाही उष्णता जाणवते. त्याच बैठकीत बसणारे एलईडी दिवे आता उपलब्ध असून ते अल्प वीज वापरतात व फारसे तापत नाहीत. दिवा बदलण्यापूर्वी यंत्राची पिन भिंतीवरील सॉकेटमधून काढून ठेवणे, तसेच नवा दिवा स्क्रूचा आहे की पिनचा हे पाहणे आवश्यक असते.

दिवा नसलेल्या यंत्रासाठी वाकणाऱ्या मानेचे, लोहचुंबकाच्या तळाचे एलईडी दिवे मिळतात. ते बिडाच्या जुन्या यंत्राला घट्ट चिकटतात. ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकच्या कवचाच्या यंत्राला ते चिकटत नाहीत. त्यांसाठी चिकट तळाचे किंवा टेबलाला पकडीने बसविण्याचे दिवे वापरले जातात. दिव्याची वायर चाक, पट्टा आणि सुई यांपासून दूर, यंत्राच्या मागील बाजूने नेली जाते.

== भिंगे ==

=== तत्त्व ===

शिवणकामात वापरली जाणारी भिंगे बहिर्गोल असतात. भिंगाची शक्ती डायऑप्टरमध्ये मोजतात. मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्तांक म्हणजे भिंगाची शक्ती होय. ३ डायऑप्टरच्या भिंगाचे नाभीय अंतर सुमारे ३३ सेंमी, तर ५ डायऑप्टरच्या भिंगाचे २० सेंमी असते. भिंग किती पट मोठे दाखवते, हे सांगताना उत्पादक बहुधा शक्तीला ४ ने भागून त्यात १ मिळवतात. त्यानुसार ३ डायऑप्टरचे भिंग १.७५ पट आणि ५ डायऑप्टरचे भिंग २.२५ पट म्हणून विकले जाते. प्रत्यक्षात मिळणारे वर्धन डोळा, भिंग व वस्तू यांतील अंतरांवर अवलंबून असते.

शक्ती वाढली की तीन गोष्टी घटतात : एका वेळी दिसणारे क्षेत्र, स्पष्ट दिसणारी खोली आणि भिंग व काम यांतील अंतर. त्यामुळे सर्वांत अधिक शक्तीचे भिंग सर्वांत चांगले, हा समज चुकीचा आहे. काम नीट दिसू शकेल असे कमीत कमी शक्तीचे भिंग निवडणे इष्ट मानले जाते.

=== प्रकार ===

* दिव्यासह स्टँडवरील भिंग : सुमारे १२ सेंमी व्यासाचे भिंग आणि त्याभोवती वर्तुळाकार दिवा अशी याची रचना असते. ते टेबलाला पकडीने बसविता येते. भिंग मोठे असल्याने दोन्ही डोळ्यांनी पाहता येते व खोलीचा अंदाज टिकून राहतो. शिवणकामासाठी ३ डायऑप्टरचे भिंग सामान्यतः पुरेसे होते.
* यंत्रावर बसणारे भिंग : सुईसमोर दांडीवर बसविलेले हे छोटे भिंग गरज नसताना बाजूला फिरवता येते. सुईत दोरा ओवणे आणि काज करणे यांसाठी ते उपयुक्त असते.
* डोक्यावर बांधण्याचे भिंग : घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर वापरतात त्या प्रकारचे, परंतु दोन्ही डोळ्यांसाठी असलेले हे भिंग असते. दोन्ही हात मोकळे राहतात, मात्र कामाचे अंतर बरेच कमी होते.
* चष्म्यावर अडकविण्याचे भिंग : नेहमीच्या चष्म्यावर बसवून नको असेल तेव्हा वर उचलता येते.
* गळ्यात अडकविण्याचे भिंग : छातीवर टेकवून ठेवता येते. हातशिलाई आणि भरतकामासाठी ते सोयीचे असते. यंत्रावर पुढे वाकल्यावर ते डगमगते.
* हाती धरण्याचे भिंग : यंत्रावर दोन्ही हात कापडावर लागत असल्याने शिवताना याचा उपयोग होत नाही. पूर्ण झालेली टीप तपासणे किंवा सुईवरील क्रमांक वाचणे यांपुरता त्याचा वापर केला जातो.

=== वापर ===

सुईत दोरा ओवणे, बॉबिन केसमधील स्प्रिंग तपासणे, काज, कॉलरचे टोक, भरतकाम, टीप उसवणे आणि रफू या कामांत भिंगाचा विशेष उपयोग होतो. लांब, सरळ टीप मारताना मात्र भिंग बाजूला केले जाते. सरळ टीप मारणाऱ्याचे लक्ष सुईवर नसून कापडाची कड आणि सुईपट्टीवरील खूण यांवर असते. भिंगातून ही खूण नजरेबाहेर जाते आणि कापड प्रत्यक्षापेक्षा वेगाने सरकल्यासारखे वाटते. भिंगाच्या कडेजवळ सरळ रेषाही वाकडी दिसते. त्यामुळे नवशिक्या व्यक्तीने प्रथम यंत्र थांबवून, नंतर हाताने चाक फिरवून आणि शेवटी अगदी संथ गतीने, अशा क्रमाने भिंगाखाली काम करण्याचा सराव करणे हितावह असते.

== चष्मा ==

भिंग घेण्यापूर्वी चष्मा कामाच्या अंतरास योग्य आहे का, हे पाहिले जाते. दूरचे स्पष्ट दिसणाऱ्या आणि समायोजन शक्ती पूर्णपणे घटलेल्या व्यक्तीला ३३ सेंमीसाठी ३, ४० सेंमीसाठी २.५ आणि ५० सेंमीसाठी २ डायऑप्टरचा क्रमांक लागतो. वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो. उंच टेबलावरील किंवा मोठ्या यंत्रावरील सुई त्याहून दूर असल्यास तो चष्मा लावूनही अंधुक दिसते. नेत्रतपासणीपूर्वी यंत्रावर नेहमीप्रमाणे बसून डोळ्यापासून सुईपर्यंतचे अंतर टेपने मोजून घेतल्यास तपासणाऱ्यास नेमका क्रमांक देता येतो.

दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूस असतो. सुई त्यापेक्षा वरच्या रेषेत असल्याने शिवणाऱ्याला हनुवटी उचलून, मान मागे टाकून पाहावे लागते. दिवसभर अशा स्थितीत बसल्यास मान व खांदे दुखतात. ज्यांचे मुख्य काम शिवणाचे आहे, त्यांच्यासाठी केवळ कामाच्या अंतराचा, एकाच क्रमांकाचा स्वतंत्र चष्मा अधिक सोयीचा ठरतो. तो लावून चालणे किंवा वाहन चालविणे मात्र योग्य नसते.

== रंगभेद वाढविण्याचे साधे उपाय ==

दृश्यमानता वाढविण्यासाठी प्रत्येक वेळी नवे साधन आवश्यक असतेच असे नाही. सुईमागे पांढऱ्या कागदाचा तुकडा धरल्यास नेढे तत्काळ उठून दिसते. पांढरा दोरा ओवताना कागद गडद रंगाचा घेतला जातो. दोऱ्याचे टोक तिरके कापल्यास त्याचे तंतू पिंजारत नाहीत. सुईवरील लांब खाच ज्या बाजूस असते, त्या बाजूने दोरा ओवला जातो. बहुतेक आधुनिक घरगुती यंत्रांत तो समोरून मागे जातो, तर अनेक जुन्या व औद्योगिक यंत्रांत डावीकडून उजवीकडे जातो. कच्ची टीप कापडाहून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घातल्यास ती काढताना शोधावी लागत नाही. सुईपट्टीवर शिवणीच्या रुंदीइतक्या अंतरावर रंगीत चिकटपट्टी लावल्यास कापडाची कड सरळ ठेवणे सोपे जाते.

== सुरक्षितता ==

भिंगामुळे चेहरा सुईच्या जवळ येतो. वेगात चालणारी सुई पिन, बटण किंवा चेनवर आपटून तुटल्यास तिचा तुकडा डोळ्याच्या दिशेने उडू शकतो. सुईसमोर असलेले स्टँडचे भिंग काही प्रमाणात आडोसा करते, परंतु ते संरक्षक चष्म्याची जागा घेऊ शकत नाही. ५ डायऑप्टर किंवा त्याहून अधिक शक्तीचे भिंग डोक्यावर बांधल्यास चेहरा सुईपासून २० सेंमी किंवा त्याहून जवळ न्यावा लागतो. अशा स्थितीत धागा ओढणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या लिव्हरचा कपाळाला फटका बसण्याची शक्यता असते. म्हणून अशी भिंगे यंत्र थांबलेले असतानाच वापरली जातात. भिंगाखाली अंतराचा अंदाज बदलत असल्याने बोटे सुईपासून नेहमीपेक्षा अधिक दूर ठेवणेही आवश्यक असते.

उन्हात ठेवलेले बहिर्गोल भिंग सूर्यकिरण एकवटून कापड, कागद किंवा दोरा पेटवू शकते. खिडकीजवळील भिंग काम संपताच झाकून ठेवणे हा महत्त्वाचा नियम आहे.

एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर येत असल्यास हा त्रास वाढतो. जवळचे काम करणाऱ्यांनी दर २० मिनिटांनी सुमारे ६ मीटर दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, अशी शिफारस केली जाते.

== मर्यादा आणि नेत्रविकार ==

प्रकाश, चष्मा आणि भिंग ही दृष्टीला साहाय्य करणारी साधने आहेत. ती नेत्रविकारांवरील उपचार नव्हेत. मोतीबिंदूत प्रकाश डोळ्यातच विखुरतो. त्यामुळे दिवा अधिक प्रखर केल्यास काही रुग्णांना उलट कमी दिसते. दिव्याभोवती वलय दिसणे आणि रंग फिके वाटणे ही त्याची लक्षणे असू शकतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचे विकार झाल्यास सरळ रेषा नागमोडी दिसते. सरळ मारलेली टीप किंवा टेपची कड अचानक वाकडी दिसू लागल्यास तो यंत्राचा दोष न समजता नेत्रतज्ज्ञाकडे विनाविलंब जाणे आवश्यक असते. एका वेळी एक डोळा झाकून पाहिल्यास असा दोष लवकर लक्षात येतो, अन्यथा निरोगी डोळा आजारी डोळ्याची उणीव झाकून टाकतो. मधुमेही व्यक्तींच्या दृष्टिपटलावर प्रारंभी कोणतेही लक्षण न जाणवता परिणाम होऊ शकतो. म्हणून त्यांना दरवर्षी डोळ्यांची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून राबविला जात असून त्याअंतर्गत मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रिया केल्या जातात.

== उपजीविकेशी संबंध ==

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दृष्टीविषयक अहवालानुसार जगात ८२ कोटींहून अधिक लोकांची वृद्धदृष्टिता योग्य चष्म्याअभावी तशीच राहिली आहे. आसाममधील चहामळ्यांत ४० वर्षे व त्यावरील ७५१ कामगारांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्या कामगारांच्या पानखुडणीत, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्के अधिक वाढ झाल्याचे त्यात आढळले. बांगलादेशात केलेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास शिंप्यांसह विविध कारागीर व श्रमिकांवर आधारित होता. त्यात चष्मा मिळालेल्यांचे मध्यगा उत्पन्न, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे एक-तृतीयांशाने अधिक आढळले.

ब्लाउज शिवणे, पिको-फॉल, काज-बटण आणि कपडे दुरुस्ती ही कामे महाराष्ट्रातील शहरांत व गावांत अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचा भाग आहेत. कसब उत्तम असूनही ‘आता डोळे साथ देत नाहीत’ म्हणून पन्नाशीतच ही कामे सोडून दिली जातात. यातील ज्या व्यक्तींना केवळ वृद्धदृष्टिता असते, त्यांना जवळचा चष्मा आणि सुईजवळचा एक दिवा एवढ्यावर काम पुढे चालू ठेवणे शक्य असते. ज्यांना मोतीबिंदूसारखा विकार असतो, त्यांची तपासणी कामातील अडचणीच्या निमित्ताने वेळेवर होऊ शकते.

कामाच्या ठिकाणच्या प्रकाशाविषयी भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १७ मध्ये तरतूद करण्यात आली. पुरेशा व योग्य प्रकाशाबरोबरच चकाकी टाळणे, तसेच डोळ्यांवर ताण येईल किंवा अपघात होईल अशा सावल्या पडू न देणे ही जबाबदारी त्यात नमूद होती. मात्र या अधिनियमातील कारखान्याच्या मूळ व्याख्येनुसार विजेचा वापर असल्यास किमान दहा आणि नसल्यास किमान वीस कामगार असणे आवश्यक होते. त्यामुळे घरी बसून नगावर शिलाई करणाऱ्या स्त्रिया आणि एक-दोन यंत्रांची शिंप्यांची दुकाने सामान्यतः तिच्या कक्षेबाहेर राहिली. तेथील प्रकाशाची व्यवस्था शिवणाऱ्यालाच करावी लागते. अशा ठिकाणी आधी प्रकाश, मग कामाच्या अंतराचा चष्मा आणि त्यानंतरही सूक्ष्म कामात अडचण राहिल्यास भिंग, हा क्रम सर्वांत कमी खर्चाचा ठरतो.